कानाने निवडलेला डबा

आमच्या घरात दिवसा कुणी मोठ्याने बोलत नसे. डोंबिवली पूर्वेला बायजाकाकूंच्या दुमजली बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर आमची एक खोली नि स्वयंपाकघर, आणि त्या खोलीत खिडकीला जाड चादर लावून अण्णा झोपलेले. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांना वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला कायमची रात्रपाळी होती. कारखाना चोवीस तास चालायचा, आणि रात्री कुठलं मशीन अडलं, कुठला फ्यूज उडाला की अण्णांना हाक. सकाळी घरी येऊन, आंघोळ करून, गरम दोन पोळ्या खाऊन ते आडवे झाले की घराचा आवाज बंद. कुकर लावायचा तो ते यायच्या आधी; एरवी डाळ पातेल्यात, वर झाकण ठेवून. पोळपाटाखाली जुन्या टॉवेलची घडी. लसूण ठेचायचा तर आई खलबत्ता घेऊन जिन्यात जाऊन बसायची आणि येणारे-जाणारे तिला वळसा घालून जायचे. मला तर कुजबुजायची इतकी सवय लागली होती की शाळेत बाई विचारायच्या, "नंदा, तोंडात काय धरून ठेवलंयस?" आजही फोनवर माणसं मला जरा मोठ्याने बोला म्हणतात आणि मी चिडते, कारण माझ्या मते मी चांगली ओरडत असते.

ह्यात कौतुक नव्हतं, भीती होती. अण्णांच्या बरोबरच्या एका माणसाचा हात कारखान्यात विजेच्या चालू पॅनेलला लागला होता. घरी लग्नाची गडबड, माणूस दिवसा झोपलेला नव्हता, पहाटेच्या सुमाराला डोळा लागला आणि हात नको तिथे गेला. आई त्यांना बघायला हॉस्पिटलमध्ये गेली होती. तिथे तिने काय बघितलं ते तिने कधी सांगितलं नाही, घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "ह्या घरात ह्यांची झोप मोडलेली मला चालणार नाही." तेव्हापासून अण्णांची झोप ही आईची नोकरी झाली. रविवार नाही, सणवार नाही. पाहुणे आले की ती त्यांना दारातच बोट ओठांवर ठेवून दाखवायची. काही पाहुणे ह्या स्वागताने पुन्हा फिरकलेच नाहीत.

अशा घरात कॉम्प्युटर आला. मी कॉलेज संपवून ठाण्याला डीटीपीचा क्लास केला होता आणि लग्नपत्रिका, बारशाची आमंत्रणं, बिलबुकं असली कामं घरी बसून करायचं मनाने घेतलं होतं. नव्वदीची सुरुवातीची वर्षं होती. आमच्या गल्लीत कुणाच्या घरी कॉम्प्युटर नव्हता, त्यामुळे जोडणी करून देणारा माणूस खोके घेऊन वर चढला तेव्हा त्याच्यामागून निम्मी गल्ली चढली. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या घरमालकीण बायजाकाकू सगळ्यात पुढे. त्या आगरी, त्यांच्या सासरी पूर्वी मिठागरं होती, आणि त्यांचा आवाज अजून मिठागराच्या ह्या टोकाहून त्या टोकाला पोचेल असा होता. "टीवी घेतलाव तं घेतलाव, पन त्याला एवरी बटना कला लावली?" म्हणजे एवढी बटणं कशाला, असं त्यांनी विचारलं आणि आईने ओठांवर बोट ठेवलं.

अण्णा त्या दिवशी अर्ध्या झोपेतून उठून आले. भिंतीतला सॉकेट बघून म्हणाले, "ह्या बिल्डिंगला अर्थिंगच नाही. तिसरी पिन नुसती शोभेची. खाली अंगणात खड्डा करून पट्टी पुरायला हवी." बायजाकाकूंच्या अंगणात तेव्हा सुकट वाळत घातलेली होती. दिवाळीच्या सुट्टीत करू, असं ठरलं. सगळेच हो म्हणाले. त्यावर पुढे कुणी काही बोललं नाही.

आता तो डबा. कॉम्प्युटरच्या पाठीमागच्या कोपऱ्यात पत्र्याचा एक चौकोनी डबा असतो. भिंतीतली वीज त्यात शिरते आणि मशीनला झेपेल एवढी बारीक होऊन बाहेर पडते. धंद्यातले लोक त्याला एसएमपीएस म्हणतात. डबा तापू नये म्हणून त्याच्या पाठीत पंखा असतो, आणि आमच्या डब्याचा पंखा म्हणजे शेजारी पिठाची गिरणी सुरू व्हावी तसा. मी बटण दाबलं की घरर्र. आई स्वयंपाकघरातून धावत यायची, पंख्याकडे बघायची, मग अण्णांकडे बघायची. अण्णा भिंतीकडे तोंड करून झोपलेले असत. संध्याकाळी उठले की त्यांचे डोळे लाल आणि सुजलेले. "बघ," आई मला स्वयंपाकघरात ओढून कुजबुजायची, "बघ डोळे कसे झालेत. डोळ्याला डोळा लागलेला नाही माणसाच्या." मी पंख्यामागे उशी धरून बघितली, मशीन तापून बंद पडलं. रात्री काम करावं तर गिऱ्हाईकं दिवसा प्रूफ बघायला येणार. अण्णा मात्र एका शब्दाने बोलले नाहीत. ते न बोलल्यामुळे आई जास्तच घाबरली.

मग एक दिवस तिने तो डबा काढायला लावला, जुन्या चादरीत गुंडाळला आणि मला घेऊन ठाण्याला निघाली. स्टेशनाजवळ एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं दुकान होतं. आत सगळे शर्टाच्या खिशात स्क्रू-ड्रायव्हर लावलेले तरुण पुरुष, आणि त्यांच्यात आई, हातात चादरीचं गाठोडं, डोक्यात अबोलीचा गजरा. दुकानदार म्हणाला, "बोला मावशी, कितीचा पाहिजे? दोनशे वॉट? अडीचशे?"

"आवाज न करणारा पाहिजे," आई म्हणाली.

दुकानदार हसला नाही, हे त्याचं मला अजून चांगलं वाटतं. त्याने काउंटरवर दोन डबे मांडले आणि एकेकाला जुनी हार्डडिस्क जोडून चालू करून दाखवला. आईने पदर खोचला, वाकली आणि पहिल्या डब्याला कान लावला. माठ घेताना वाजवून बघतात ना, तितक्या मन लावून. मग दुसऱ्याला. मग परत पहिल्याला. दुकानातले सगळे स्क्रू-ड्रायव्हर गप्प झाले होते. पहिला डबा जड होता, त्याच्या वायरी करंगळीएवढ्या आणि पंखा आमच्या डब्यासारखाच घरघरणारा. दुसऱ्यावर चकचकीत लेबल, लेबलावर वॉटचा आकडा पहिल्याहून मोठा, आणि पंखा असा की फिरतोय हे बघितल्याशिवाय कळू नये. मी तो उचलला तर रिकाम्या डब्यासारखा हलका.

"ये ले जाओ, एकदम सायलेंट," दुकानदार म्हणाला. "आजकाल सब यही लेके जाते."

"हलका आहे नाही?" मी आईला म्हटलं.

"बरंच आहे की. टेबलाला भार नको," आई म्हणाली. तिचा चेहरा इतका उजळला होता की मी पुढे काय बोलणार?

आज माझ्या नातेवाइकांत कुणी कॉम्प्युटर घेतला की मी आगाऊपणे तो डबा आधी हातात मागते. हलका लागला की परत करा म्हणते. आत तांब्याला, लोखंडाला, उष्णता शोषणाऱ्या पट्ट्यांना वजन असतं. लेबलावरच्या आकड्याला वजन नसतं, तो कुणीही छापतो. मी स्वतः लेबलं छापायचा धंदा केलाय, मला विचारा. वायर बारीक असेल तर नको, तपासणीचा शिक्का नसेल तर नको, आणि घराला अर्थिंग नसेल तर कुठलाच नको. लोक माझ्यावर वैतागतात. माझ्या भाच्याने तर एकदा विचारलं, "मावशी, तू लग्नात मुलगा पण वजन करून घेतला होतास का?" वैतागू देत.

नवा डबा बसला आणि घर पुन्हा शांत झालं. आई इतकी खुश की तिने मला साजूक तुपातला शिरा करून दिला. पण काही दिवसांत मला कॉम्प्युटरच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येऊ लागल्या. मी दुकानात फोन केला. "बॉडीला थोडा करंट येतोच मॅडम, सगळ्यांच्याच येतो," दुकानदार म्हणाला. "रबराची चप्पल घालून बसा, काही होत नाही." आणि खरंच, तेव्हा ज्या-ज्या क्लासात, ऑफिसात मी गेले तिथे सगळे चपला घालूनच बसायचे. ह्यात काही चुकतंय असं कुणाला वाटत नव्हतं.

आमच्याकडे अडचण वेगळी. टेबलाच्या बाजूलाच देव्हारा. देवासमोर चपला? आईने डोळेच मोठे केले. मग तिनेच तोड काढली: जेवायला बसायचा लाकडी पाट माझ्या पायाखाली ठेवला. पाटावर पाय ठेवून बसलं की झिणझिण्या बंद! आम्हा दोघींना आपल्या हुशारीचा केवढा अभिमान. गिऱ्हाईक आलं की मी म्हणायची, "हात लावायचा असेल तर आधी पाटावर या," आणि माणसं मुंजीतल्या बटूसारखी पाटावर उभी राहून आपल्या मुलीच्या पत्रिकेतलं शुद्धलेखन बघायची.

"अण्णांना विचारूया का?" मी एकदा म्हटलं होतं. ज्या माणसाचा जन्म विजेच्या कामात गेला तो आमच्यापासून चार हातांवर झोपलेला होता.

"नको गं बाई," आई कुजबुजली. "त्यांना कळलं की काळजी करत पडतील. झोपायचे नाहीत."

दसऱ्याला पाटीपूजन. लहानपणापासून आम्ही पाटीवर एकाचे आकडे काढून सरस्वती करायचो, तिची पूजा. त्या वर्षी मला हुक्की आली आणि मी कॉम्प्युटरवरच एकाचे आकडे एकाला एक जोडून सरस्वती काढली. काळ्या पडद्यावर पांढरी सरस्वती. आईला दाखवली तर ती बघतच राहिली. "हिचीच पूजा करूया," म्हणाली. सकाळपासून तिने घर पुसून काढलं होतं, फरशी अजून ओली होती. झेंडूची तोरणं, स्वयंपाकघरात श्रीखंडाचा चक्का टांगलेला, पुरीचं पीठ मळून झाकलेलं. अण्णा रात्री कारखान्यातल्या मशीनची पूजा उरकून सकाळी आले होते आणि कपाळावर कुंकवाचा टिळा तसाच ठेवून झोपले होते. माझ्या पायाखालचा पाट आईने धुऊन, त्यावर रांगोळी काढून पोथ्या नि पाटी ठेवायला घेतला होता. सणाचा दिवस, आणखी काय करणार?

ती न्हाऊन आली होती. केसांचं पाणी पाठीवर ठिबकत होतं, पाय अनवाणी, हात ओले. तिने पडद्यावरच्या सरस्वतीला हळदीकुंकू लावलं, पण काचेवर कुंकू टिकेना, ओघळलं. "इथे लावते," असं पुटपुटत तिने डावा हात कॉम्प्युटरच्या पेटीच्या मागच्या कडेला टेकवला, जिथे रंग नसतो, नुसता पत्रा असतो, आणि उजव्या हाताचं बोट त्याच्या बाजूच्या पत्र्याला टेकवलं.

पुढचं मी कितीदा तरी आठवलंय. आई ओरडली नाही. तिचं अंग ताठ झालं, मान मागे गेली, दात घट्ट मिटले आणि दोन्ही हात त्या पत्र्याला चिकटून राहिले. डोळे उघडे होते. ती माझ्याकडे बघत होती आणि मला ती ओळखू येत नव्हती. काय चाललंय हे माझ्या डोक्यात शिरेचना. मला वाटलं, देवी अंगात आली. खरंच वाटलं, लाज कसली सांगायला. मग जळल्याचा वास आला आणि मी किंचाळले. त्या घरात इतका मोठा आवाज कुणी कधी काढला नसेल.

मी तिला धरायला धावले तेवढ्यात मागून अण्णा गरजले, "हात लावू नकोस!" आणि मी जागच्या जागी थिजले. ते दाराजवळच्या मेनस्विचवर झेपावले. खटका पडला. पडदा काळा झाला, आई लाकडाच्या ओंडक्यासारखी खाली आली, आणि अण्णांनी तिचं डोकं फरशीवर आपटायच्या आत मांडीवर झेललं. तिचे ओठ निळे पडले होते. अण्णा तिच्या छातीवर तळहात दाबत होते, गालावर मारत होते, तिला नावाने हाका मारत होते. सरला, सरला, सरला. माझ्यासमोर त्यांनी तिला नावाने हाक मारलेली मी तोवर ऐकली नव्हती. मला पुन्हा एक धक्का बसला, अशा वेळीसुद्धा.

किती वेळ गेला माहीत नाही. आईच्या घशातून एक घरघर आली, मग श्वास. तिने डोळे उघडले. वर अण्णांचा चेहरा, टिळा घामाने नाकावर ओघळलेला. आई कुजबुजली, "उठवलं का हो तुम्हाला?"

 अण्णांनी तिचं डोकं छातीशी धरलं आणि ते हमसून हमसून रडू लागले. मी भिंतीला टेकून खाली बसले. बायजाकाकूंनी वर येऊन मला पाणी पाजलं ते निम्मं माझ्या अंगावरच सांडलं.

डॉक्टर म्हणाले, वाचल्या. दोन्ही हातांना बँडेज बांधलं, काही दिवस दवाखान्यात ठेवलं. त्या दिवसांत अण्णांनी तो चकचकीत डबा जमिनीवर घेऊन उघडला आणि मला दाखवला. आत एक वायर धारदार पत्र्याच्या कडेवर घासत होती आणि तिचं आवरण सोललं गेलं होतं. जिथे जाड रबराचा वॉशर हवा तिथे काही नव्हतं. "रोज थोडं थोडं सोललं जात होतं हे," ते म्हणाले. "झिणझिण्या येत होत्या का गं?" मी होकारार्थी मान हलवली. "मला सांगितलं नाहीत." हे त्यांनी रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. 

अंगणातला खड्डा बायजाकाकूंनीच खणला. अण्णा पहार घेऊन खाली गेले तर त्यांनी ती हिसकावून घेतली. "व्हा बाजूला. मिठागरान उभी हयात खनलंय मी," म्हणाल्या, आणि पदर खोचून कंबरभर खड्डा केला. अर्थिंगच्या खड्ड्यात पट्टीभोवती कोळसा नि मीठ घालतात. मीठ त्यांनी घरातून गोणभर आणून ओतलं. तिथून तांब्याची तार वरच्या मजल्यापर्यंत आली. मग अण्णा स्वतः ठाण्याला जाऊन डबा घेऊन आले. आईने नाकारला होता तो, जड, जाड वायरींचा. मीटर लावून, प्रत्येक टोक तपासून त्यांनी तो बसवला.

आई त्या दिवशी घरी आलेली होती. पलंगावर बसून, बँडेज बांधलेले हात मांडीवर ठेवून ती बघत होती. अण्णांनी बटण दाबलं. घरर्र.

"अहो, हा नको," आई म्हणाली. "ह्याचाही तोच आवाज. त्याने तुमची झोप..."

"राहू दे."

"राहू दे काय? रात्री पॅनेलात हात घालायचे तुम्हाला. डोळे लाल झाले होते तेव्हा, मी बघितलेत."

अण्णा तिच्यासमोर स्टुलावर बसले. "लाल झाले होते ते झोपल्यामुळे," ते म्हणाले. "त्या जुन्या डब्याच्या आवाजात मला झोप लागायची. मेल्यासारखी. ह्या घरात तेवढे दिवसच."

आईला कळलं नाही. मलाही कळलं नाही. पंखा चालूच होता, त्यामुळे अण्णांना आवाज चढवून सांगावं लागलं. कारखान्यात मशीन चालू असताना, हाक येईपर्यंत काँप्रेसरशेजारच्या बाकावर त्यांना झोप लागायची, नेहमी तिथेच. घरी शांततेत नाही. घरी ते डोळे मिटून पडायचे आणि आमच्या पावलांचे आवाज ऐकायचे. भांडं ठेवताना आई श्वास रोखून धरते तेसुद्धा त्यांना कळायचं. "तू पोळपाटाखाली टॉवेल घालायचीस," ते म्हणाले. "जिन्यात जाऊन लसूण ठेचायचीस. तुला कसं सांगायचं? म्हणून पडून राहायचो."

 माझं सगळं लहानपण त्या झोपेभोवती बांधलेलं होतं, आणि ती झोप नव्हतीच. आईच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं. मग ती ओरडली. खणखणीत, गल्लीभर ऐकू जाईल असं: "अहो, मग बोलला का नाहीत तुम्ही!"

तो आवाज तिचा होता ह्यावर माझा विश्वास बसेना. खाली बायजाकाकूंच्या हातातून काहीतरी पडलं आणि त्या धपाधपा जिना चढून आल्या. "काय झाला गो सरला? परत धरला का काय त्यानं?"

आईने बँडेजचे दोन्ही हात तोंडावर घेतले. त्या हातांच्या मुठीही तिला वळता येत नव्हत्या. "काकू," ती हुंदके देत म्हणाली, "ह्यांना झोप मिळावी म्हणून मी मरायला निघाले होते. आणि इतकी वर्षं मी ह्यांना नुसतं पडून राहायला लावलं."